फाशांच्या पेट्या : एप्रिल ते पोळा

काम काय: पाच खेळाडूंसाठी पाच लहान षटकोनी पेट्या, प्रत्येकीत सात फासे. शिवाय पाचांपैकी जो सूत्रधार, त्याच्यासाठी एक मोठी पेटी, नकाशे, बाहुल्या आणि वह्या ठेवायला. सगळं जुन्या सागवानात. गाव एरंडोल, जिल्हा जळगाव. मी जिनिंगवर हिशेबाला आहे. कापसाचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो, मग पुढचे पाच महिने हाताला वेळ असतो. सुतारकामाचा पूर्वानुभव म्हणाल तर आठवीत केलेली एक फोटोफ्रेम, जी सरळ टांगली तरी वाकडी दिसायची.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: सूत्रधार गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि काय घडतं ते फासे ठरवतात. १९७४ सालचा, म्हणजे यंदा, २०२४ मध्ये, पन्नाशी. आमच्या पाचही जणांपेक्षा वयाने मोठा. आम्ही तो रविवारी रात्री गच्चीवर मराठीत खेळतो, रागावलो की अहिराणीत. तीन वर्षं फासे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होते.

२१ एप्रिल, रविवार

मामांचं धाब्याचं घर पाडायला काढलंय, तिथे आता स्लॅब पडणार. एक चार इंची चौरस तुळई आणि जुन्या दाराची एक फळी मागून घेतली. मामा म्हणाले, ने. मामी म्हणाल्या, "ने, पण माझ्या मसाल्याचा डबाही कर त्यातूनच." हो म्हटलं. टेम्पोचे ३०० रुपये.

तुळईवर चुलीच्या धुराचा काळा थर. पटाशीने एक टवका काढला तर आत मधासारखा रंग आणि तो जुन्या सागाचा तेलकट वास. बसल्या जागी पाचही पेट्या डोळ्यापुढे उभ्या राहिल्या. हीच वेळ होती नीट मोजमाप करायची. मी फोटो काढत बसलो.

२४ एप्रिल

लाकूड कापायला मिलवर नेलं. तिसऱ्याच कापात खणकन आवाज आणि ठिणग्या. तुळईत दोन इंच आत एक जुना चौकोनी घडीव खिळा, डोकं कधीच गंजून गेलेलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पात्याचे दात गेले. कापायचे ३५० आणि पात्याचे ४०० असे ७५० देऊन घरी आलो. मिलवाल्याची चूक नाही, खिळे बघून आणायचं काम माझं होतं.

घरी आल्यावर आठवलं की पेट्यांसाठी मागवलेली चुंबकं कपाटात पडून आहेत. एक चुंबक दोऱ्याला बांधून उरलेल्या लाकडावरून हळूहळू फिरवलं. दोरा दोन ठिकाणी तिरका झाला, दोन्हीकडे खिळा निघाला. हे मिलवर जाण्याआधी केलं असतं तर चारशे वाचले असते.

२५ एप्रिल

काल संध्याकाळी सरळ आणलेल्या फळ्या सकाळी पन्हाळीसारख्या वाकलेल्या. बारा मिमी जाडीची फळी दोन्ही कडांना चार मिमी उचललेली. रात्री त्या ओट्यावर एकमेकींवर तशाच टाकल्या होत्या. वरच्या फळीला गरम वारा लागला, तिची वरची बाजू सुकली, खालची नाही.

आमच्या गल्लीतल्या सुतार आप्पांना बोलावून आणलं. त्यांनी फळी हातात घेतली, डोळ्याशी धरून एका टोकाकडून बघितली. "लाकूड जित्तं शे, भो," म्हणाले. शंभर वर्षं छताला असलेलं लाकूड, म्हटलं, आता काय जिवंत असणार? ते हसले नुसते.

त्यांनी सांगितलं तसं केलं: खोलीत, सावलीत, दर दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या तीन आडव्या पट्ट्या, वर गव्हाचं पोतं. आता थांबायचं.

८ मे

तेरा दिवस गेले. चारपैकी तीन फळ्या सरळ आल्या. चौथी आलीच नाही, तिचे लहान तुकडे करून आतल्या कप्प्यांना वापरणार. फळी लांब असेल तरच वाक त्रास देतो, तुकडा चार इंचांचा केला की रंध्याच्या दोन हातांत जातो.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सुट्टी. पुरणपोळी, आमरस. आईने विचारलं, एवढ्या लाकडाचं काय करतोय. फाशांचे डबे, म्हटलं. फासे म्हटलं की आईला शकुनीमामाच आठवतो. आजच्या दिवशी अर्धं गाव पारावर पत्ते कुटत बसलेलं असताना हे बोलणं मला ऐकावं लागलं, एवढं नोंदवून ठेवतो.

१२ मे, रविवार

आजची चूक सगळ्यात महागाची आणि संपूर्ण माझी.

एका संचात सात फासे असतात: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे, वर दशकासाठी आणखी एक दहा बाजूंचा. मधोमध एक भोक आणि भोवती सहा, मधमाशीच्या पोळ्यासारखं. मी कॅलिपरने वीस बाजूंचा फासा मोजला: समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये २० मिमी. दोन मिमी मोकळीक धरून २२ ची भोकं पाडली, मध्यापासून मध्यापर्यंत २६. आप्पांच्या ड्रिलस्टँडवर अर्ध्या तासात पहिला ठोकळा तयार. सातही भोकं एकदम गोल, कडा स्वच्छ. फासे टाकले. पाच गेले. बारावाला तोंडाशी अडकला. वीसवाला तर नुसता वर बसून राहिला, बाटलीवरच्या बुचासारखा.

फाशाची जाडी मोजून चालत नाही. वीस बाजूंचा फासा बाजूवर पालथा पडला की त्याची टोकं बाजूला पसरतात. कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली तेव्हा कळलं, २० मिमीच्या फाशाला जागा लागते जवळजवळ २५. टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर २५ च्याही थोडं वर. बारावाल्याचंही तेच, १८.५ चा फासा पण जागा घेतो २३.

आप्पांच्या पिशवीत ३५ चं बिट होतं, कपाटाच्या ऑटो बिजागरीचं, ते प्रत्येक सुताराकडे असतं. मोह झाला. टाकाऊ तुकड्यावर फिरवून पाहिलं तर मधलं भोक शेजारच्या सहाही भोकांत घुसलं. शिवाय असल्या बिटाने आधीचं भोक मोठं करता येत नाही, त्याच्या मधल्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि ते भटकतं. करायचंच असेल तर आधी भोकात लाकडाची गुट्टी चिकटवायची, वाळू द्यायची, मग नव्याने पाडायचं.

ठोकळा बाजूला ठेवला. २६ मिमीचं बिट मागवलं, ३८० रुपये. उद्या मतदान, आप्पांचीही सुट्टी.

१८ मे

बिट आलं. नवं माप, ज्यांना करायचं त्यांच्यासाठी: भोक २६, खोली २२, मध्य ते मध्य ३०, ठोकळ्याची जाडी ३०, षटकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंमध्ये ८८. तुळई रंधून ९५ उरली होती, त्यामुळे षटकोनाची टोकं तुळईच्या लांबीकडे ठेवली तरच हे बसतं. टोकं आडवी ठेवली तर १०२ लागतात आणि तुळई अपुरी पडते. हे मात्र मी आधी कागदावर काढलं होतं. एकदा पोळल्यावर.

पाच ठोकळे, पस्तीस भोकं, साडेतीन तास. दर सात भोकांनंतर बिट गार होऊ द्यावं लागलं. सागात वाळूसारखं काहीतरी असतं, धार लवकर जाते. शेवटच्या ठोकळ्याच्या भोकांचा तळ किंचित जळका आहे. मखमल लावल्यावर दिसणार नाही.

२६ मे, रविवार

आज पारा ४५ च्या वर. पत्र्याच्या शेडमध्ये किती असेल ते मोजलं नाही.

मोठी पेटी जुळवली. ३२० लांब, २३० रुंद, ९० उंच. कोपऱ्यांना बोटं गुंफल्यासारख्या खाचा, त्या आप्पांनी करवतीने आणि पटाशीने हातावर काढल्या. मी फक्त धरून होतो. तळाला सहा मिमी प्लाय, खाचेत नुसता सरकवलेला. झाकण सरकतं: दाराच्या फळीचा अखंड तुकडा, दोन्ही बाजूंच्या खाचांत. खाच ते खाच २१२, झाकण २११. एवढं छान बसलं की पेटी उभी धरली तर झाकण स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरायचं, मधेच हवा अडकून थांबायचं, परत उतरायचं. मी ते दहा-बारा वेळा केलं.

आप्पा चहा पीत बघत होते. "पानी पडू दे, मंग दखजो," म्हणाले. म्हणजे पाऊस पडू दे, मग बघ.

मी त्याचा अर्थ असा घेतला की पॉलिश पावसाळ्यात करू नये.

२ जून

चुंबकं. ८ मिमी रुंद, ३ मिमी जाड, पन्नासचं पाकीट ४५० ला. प्रत्येक पेटीला तीन जोड्या, षटकोनाच्या एकाआड एक बाजूच्या मधोमध, दोन भोकांच्या बेचक्यात. मध्यापासून ३६ मिमीवर घेतलं की बाहेर चार मिमी लाकूड उरतं. टोकांकडे जागा वाटते पण तिथे आठ मिमीचं भोक मावत नाही.

पहिल्या पेटीत एक चुंबक उलटं चिकटलं. झाकण दोन बाजूंनी खेचलं जायचं आणि तिसरीकडून उडायचं. अराल्डाइट वाळलेलं. सोल्डरिंग गन टेकवून तापवलं, डिंक मऊ झाला, चुंबक निघालं. निघालं पण मेलं, टाचणीही उचलेना. ही चुंबकं ८० अंशांच्या वर तापली की शक्ती जाते, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं मी नंतर वाचलं.

त्या जागी नवं चुंबक झाकणाशी जुळेल असं लावलं, म्हणजे त्या पेटीत दोन जोड्या सुलट आणि एक उलट झाली. त्याचा फायदा पाच मिनिटांनी कळला. झाकण आता एकाच रीतीने बसतं, फिरवून बसवलं तर ढकलतं. झाकण आणि ठोकळा एकाच तुळईतून सलग कापलेले, त्यामुळे योग्य बसलं की लाकडाच्या रेषा वरून खाली अखंड जातात. उरलेल्या चारही पेट्यांत मुद्दाम तसंच केलं. आता प्रत्येक चुंबक लावण्याआधी वरच्या तोंडावर मार्करने ठिपका देतो. ठिपका दिसला पाहिजे, दिसला नाही तर हात थांबवायचा.

१६ जून

सजावट सुरू. २५ वॅटची सोल्डरिंग गन, तांब्याचं टोक कानशीने घासून पेनासारखं केलेलं. सागावर जाळून काढणं वाटलं तेवढं सोपं नाही. लाकडात कडक आणि मऊ रेषा आलटून पालटून असतात. कडक रेषेवर टोक अडखळतं, मऊ आली की एकदम आत जातं. सरळ रेघ काढली तर ती माळेसारखी गाठीगाठीची दिसते. उपाय: १२० नंतर २२० चा पॉलिशपेपर, मग पेन्सिलीवर पटाशीच्या टोकाने हलकी खाच, आणि त्या खाचेतून गन चालवायची. टोक खाचेत राहतं.

माझा ड्रॅगन वहिनीला दाखवला. "घोरपड छान आलीये," म्हणाली.

मग पेन्सिल तिच्याच हातात दिली. ती दरवर्षी लग्नसराईत गल्लीभर मेंदी काढते, हात बसलेला आहे. आणि ठरवलं की न पाहिलेले प्राणी नकोत. मेडिकलवाल्याच्या पेटीवर केळीचं पान, फाटलेल्या कडेसकट. केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाला मात्र केळीचं पान नको होतं ("दिवसभर तेच बघतो यार"), त्याच्यावर फरकांडेचे झुलते मनोरे. सूत्रधाराच्या पेटीवर बैलाचं तोंड, झूल आणि बाशिंगासकट. माझ्यावर कढई. खेळातल्या आमच्या टोळीत मी स्वयंपाकी आहे, त्यावर जास्त बोलणार नाही.

२३ जून

राहिली गुरुजींची पेटी. ते जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतात, खेळात जादूगार. त्यांना चित्र नको, आकडा हवा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी धरता येतील. उत्तर ३६२८८००. गुरुजी दरवर्षी पोरांना चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेतात, कारण पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. खान्देशातल्या माणसाने फासे टाकायचे तर वरती हाच आकडा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं.

अक्षरं सुंदर आली. पुसून, भुसा झटकून पाहिलं तर ३६२८८०. एक शून्य राहिलं आणि कडेला जागाही नाही. शेवटचे दोन आकडे मोठे काढण्याच्या नादात.

गुरुजींना घाबरत दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, ओठांत पुटपुटले आणि म्हणाले, "बरोबर आहे. हा नऊ हातांचा झाला." खरंच आहे, नऊ वस्तूंचं उत्तर नेमकं तेच येतं. पेटी तशीच ठेवली.

३० जून

पाऊस आता रोज. तेलघाणीवरून अळशीचं कच्चं तेल आणलं, १३० रुपये, आणि सगळ्या पेट्यांना हात दिला. मोठ्या पेटीच्या खाचांनाही.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली.

७ जुलै, रविवार

आज सत्र होतं. आमची मोहीम पद्मालयच्या जंगलात पोचलीय, भीमकुंडापाशी, आणि पुढचं दार उघडलं की बकासुर. नकाशा, बाहुल्या, सूत्रधाराची वही, सगळं मोठ्या पेटीत. पेटी उघडेना.

आधी मी अंगठ्याने. मग मेडिकलवाल्याने दोन्ही अंगठ्यांनी. मग गुरुजींनी पेटी मांडीत धरली आणि दोघांनी झाकण ओढलं. मग एक जण पेटीवर बसला, हे कशासाठी ते अजून मला कळलेलं नाही. खाचेची एक कड कर्रकन फुटली, इंचभर टवका हातात आला. झाकण जागचं हललं नाही.

मोबाईलवर फासे टाकून, आठवणीने नकाशा काढून तासभर खेळलो. बकासुर पुढच्या वेळेवर.

माझं निदान: तेल. कच्चं तेल सात दिवसांनीही चिकट आहे, हात लावला तर ठसा उठतो. त्यानेच झाकण चिकटलं. रात्री टर्पेंटाइन सोडलं फटीत, मग मेणबत्ती घासली, मग साबण. काही नाही.

१० जुलै

निदान चूक. आप्पा आले, झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाले की चिकटलेलं नाही, फुगलंय. पेटीशेजारी शंभर वॅटचा बल्ब लावून ठेवायला सांगितला, हातभर लांब, दोन दिवस.

१२ जुलै

सकाळी झाकण बोटाने सरकलं. लगेच मोजलं, २१२ ला काठावर. मुद्दाम ओसरीत ठेवून देतो.

१६ जुलै

चार दिवसांत झाकण २१३.५. मे महिन्यात ते २११ होतं. अडीच मिमी! मी ठेवलेली फट एक मिमी.

लांबी मोजली, ती जराही बदललेली नाही. लाकूड आडव्या अंगाने फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. पेटीच्या रुंदीकडच्या फळ्यांच्या रेषा रुंदीच्याच दिशेने जातात, म्हणून पेटी २१२ ची २१२ राहिली आणि झाकण वाढलं. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवशी, ४५ अंशांत, मी हौसेने घट्ट झाकण बसवलं होतं. पुण्या-मुंबईकडचे लोक दाखवतात ती मापं इथे तशीच उचलू नका. आपल्याकडे मे आणि जुलै हे लाकडाला दोन वेगळे मुलुख आहेत.

षटकोनी पेट्या तपासल्या. चार ठीक. त्या ठोकळा आणि झाकण दोघं एकाच दिशेने सारखे फुगलेत. पाचवी, ती पहिली, तिची कड बोटाला लागते. दुरुस्तीच्या गडबडीत त्या झाकणाचा तुकडा मी एक बाजू फिरवून लावला होता, रेषा साठ अंशांनी तिरकी. जेमतेम केसभर फरक आहे, पण बोटाला कळतो. ती कढईवाली पेटी माझीच, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार.

२१ जुलै

नवं झाकण. जुन्या घरांच्या दारासारखं: भोवती ३५ मिमी पट्ट्यांची चौकट, आतून खाच, आणि खाचेत पातळ फळी नुसती बसवलेली. फळीला एक थेंबही फेविकॉल नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी मोकळी जागा, फळी आतल्या आत वाढते-घटते, चौकट जागची राहते. पूर्ण झाकण खाचेपेक्षा दीड मिमी कमी.

फेविकॉल लावायला हात शिवशिवतो. आप्पांनी डोळे वटारले म्हणून वाचलो. याच कारणाने आमच्या जुन्या घराच्या दारातल्या फळ्या उन्हाळ्यात खुळखुळायच्या. लहानपणी मला वाटायचं दार जुनं झालंय.

फुटलेली खाचेची कड त्याच टवक्याने चिकटवली. तिरक्या उजेडात दिसते.

२८ जुलै

तेल पूर्ण पुसून काढलं, टर्पेंटाइन आणि चार जुने बनियन. १३० रुपये आणि एक रविवार पाण्यात. आता चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने. लाखेचे २६०, स्पिरिटचे १५०. पहिला हात सुरेख. दुसरा हात द्यायला घेतला आणि बाहेर सर आली. दहा मिनिटांत पेटीवर पांढुरकं धुकं, आरशावर वाफ धरल्यासारखं. हवेतला ओलावा लाखेत अडकतो.

ओरबाडू नका. उघडीप पडली की कोऱ्या स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवायचा, लाख पुन्हा विरघळते आणि पांढरं जातं. मी चार दिवस वाट पाहिली, गेलं.

गडबडीत पितळी कोपरेही त्याच दिवशी घासून टाकले होते. पितळेची भुकटी सागाच्या उघड्या रेषांत शिरून काळपट हिरवे डाग. आधी लाखेचे दोन हात, मग पितळ घासायचं, हा क्रम पाहिजे. दोन कोपऱ्यांवर डाग कायमचे.

११ ऑगस्ट

कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरी बसली. काम बंद. वहिनीने परवा हळूच सुचवलं होतं की सूत्रधाराच्या झाकणावर कानबाई काढू या, फार शोभेल. आईने ऐकलं. "कानबाईले जुगारना डबावर बसाडशी?" एवढंच म्हणाली आणि रोटांचं पीठ मळायला बसली. विषय संपला. झाकणाच्या कडेने वहिनीने नुसती वेल काढलीय, तीच बरी दिसते.

१८ ऑगस्ट

मखमल. अर्धा मीटर, १२० रुपये. भोकात फेविकॉल ओतून वर कापड दाबलं तर डिंक कापडातून वर येतो आणि मखमल दगडासारखी कडक होते. एक भोक असं घालवल्यावर रीत बदलली: लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चकती कापायची, तिच्यावर कापड गुंडाळून मागून चिकटवायचं, आणि वाळल्यावर चकती भोकात दाबायची. डिंकाशिवायच बसते. चकती २४ मिमीची घ्या, कापडाची जाडी उरलेले दोन खाते. एकूण ३५ चकत्या. घरातल्या सगळ्या जुन्या पत्रिका संपल्या.

२ सप्टेंबर, पोळा

सकाळी बैल, रात्री सत्र. पाऊस दिवसभर. झाकण सरकलं.

खर्चाचा हिशेब, कारण विचारणारे आधी तेच विचारतात: सगळं मिळून ५६५५. त्यात आप्पांची तीन दिवसांची मजुरी २४००. ते जास्त दिवस आले होते, पण तीनच दिवसांचे घेतले. लाकूड फुकट मिळालं, विकत घेतलं असतं तर आकडा वेगळा. वाया गेलेले: पातं ४००, तेल १३०, एक ठोकळा, एक झाकण, सहा-सात चुंबकं. वेळ मी सुरुवातीला तीन रविवार धरला होता.

राहिलेलं काम: फासे-मनोरा. फरकांडेच्या धर्तीवर एक करून पाहिला, आत तीन तिरक्या पट्ट्या, वरून फासा टाकला की गडगडत खाली येतो. आतली रुंदी ३५ ठेवली होती, वीसवाला दर तिसऱ्या वेळी मधेच अडकतो. आणि मूळ मनोऱ्यासारखा हलतोही, ते मात्र ठरवून केलेलं नाही. साठ मिमीचा नवा करायचा आहे.

डिसेंबरात आणि पुन्हा मेमध्ये झाकणाची फट मोजून इथेच लिहीन.

बकासुर मेला. गुरुजींनी वीस टाकले, नऊ हातांच्या पेटीतून काढलेल्या फाशाने.

आज दुपारी मामी आल्या होत्या. २२ मिमी भोकांचा तो फसलेला ठोकळा त्यांनी कोनाड्यातून उचलला, सात भोकं मोजली, आणि म्हणाल्या, "हा तर झालेलाच आहे की." त्यात चिमूटभर मोहरीसुद्धा धड मावणार नाही हे मी सांगेपर्यंत तो पदराखाली गेला होता.